देवमाशांची शिरगणती

माणसांची शिरगणती करावयाची झाली तर घरोघर जाऊन दाराची कडी वाजवितां येते. रानांतल्या वाघांची मोजदाद त्यांच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून करितां येते. परंतु ज्या प्राण्याला घर नाहीं, ज्याचें पाऊल कोठें उमटत नाहीं, जो दिवसाचा बहुतेक वेळ पाण्याखालीं असतो आणि वर्षभरांत हजारों किलोमीटर भटकतो, त्याची गणती करावी तरी कशी? आणि समजा, ती केली, तर तिचा उपयोग काय? या दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें एकाच प्राण्याच्या इतिहासांत उत्तम प्रकारें सांपडतात. हा प्राणी म्हणजे हंपबॅक या नांवानें ओळखला जाणारा देवमासा होय.

देवमासा हा नांवापुरताच मासा आहे. त्याचें रक्त उष्ण असतें, त्याची मादी पिलाला दूध पाजते, आणि श्वास घेण्यासाठीं त्याला पुनःपुन्हां पाण्याच्या पृष्ठभागावर यावेंच लागतें. हंपबॅक बुडी मारतांना पाठीची कमान करितो. म्हणून इंग्रज खलाशांनीं ‘कुबड्या’ अशा अर्थाचें हें नांव त्याला दिलें. पूर्ण वाढ झालेला हंपबॅक ४५ ते ५० फूट लांब भरतो आणि त्याचें वजन २५ ते ३० टनांच्या घरांत जातें. त्याचे पुढचे दोन पर शरीराच्या जवळजवळ एकतृतीयांश लांबीचे असतात. त्याच्या शास्त्रीय नांवांतील ‘मेगाप्टेरा’ या शब्दाचा अर्थच मुळीं ‘मोठ्या पंखांचा’ असा आहे. एवढा अवाढव्य प्राणी पाण्यावर येऊन श्वास सोडतो तेव्हां वाफ आणि तुषार यांचा उंच फवारा उडतो, आणि हवा स्वच्छ असेल तर तो किनाऱ्यावरून कित्येक किलोमीटर दुरून नजरेस पडतो. श्वासासाठीं वर येण्याची ही सक्ति त्याच्या गणतीची पहिली किल्ली आहे.

दुसरी किल्ली त्याच्या प्रवासांत आहे. दक्षिण गोलार्धांतील हंपबॅक उन्हाळा अंटार्क्टिक समुद्रांत घालवितात. तेथें क्रिल नांवाचे कोळंबीसारखे बारीक जीव अगणित असतात. ते गिळून गिळून हे देवमासे अंगावर चरबीचा जाड थर चढवितात. हिवाळा जवळ आला म्हणजे ते उबदार पाण्याकडे, उत्तरेस निघतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यानें जाणारे देवमासे ग्रेट बॅरियर रीफ या प्रचंड प्रवाळरांगेच्या आंतील शांत पाण्यापर्यंत पोहोंचतात. तेथें माद्या पिलांना जन्म देतात, जोड्या जुळतात, आणि वसंत ऋतु लागतांच सर्वजण पुन्हां दक्षिणेची वाट धरितात. जाण्यायेण्याचा मिळून हा प्रवास १०,००० किलोमीटरांपर्यंत भरतो. या सर्व काळांत त्यांचें खाणें नाममात्रच असतें. अंगावर सांठविलेल्या चरबीवर त्यांचा निर्वाह चालतो. दरवर्षी त्याच ऋतूंत, त्याच किनाऱ्यानें आणि त्याच दिशेनें ही यात्रा चालते.

आपल्याकडे पंढरीच्या वाटेवर दिंड्या चालत असतात, साधारणतः त्याच आषाढाच्या सुमारास तिकडे देवमाशांची ही वारी उत्तरेकडे निघालेली असते. वारकऱ्यांची मोजदाद करूं पाहणारा मनुष्य महाराष्ट्रभर हिंडत नाहीं. ज्या घाटांतून दिंड्यांना जावेंच लागतें, त्या घाटाच्या एखाद्या वळणावर तो ठाण मांडून बसतो. देवमासे मोजणाऱ्यांनींहि हेंच केलें. अफाट समुद्रांत त्यांच्यामागें धांवण्याऐवजीं, त्यांची वाट जेथें जमिनीच्या अगदीं जवळून जाते अशीं भूशिरें त्यांनीं निवडलीं.

या वारींतहि एक क्रम असतो, हें विल्यम डॉबिन या ऑस्ट्रेलियांतील प्राणिशास्त्रज्ञानें विसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिलें. उत्तरेकडे जातांना सर्वांत पुढें अंगावरचें दूध तोडीत आणलेल्या पिलांसह त्यांच्या माता असतात. त्यांच्यामागून वयांत न आलेले देवमासे, नंतर प्रौढ नर, आणि सर्वांच्या शेवटीं गाभण माद्या येतात. या माद्यांना अंटार्क्टिक समुद्रांतील अन्नाचा लाभ जितका अधिक दिवस मिळेल तितका हवाच असतो. परततांना नवजात पिलांच्या माता सर्वांत मागें राहतात, कारण थंड पाण्यांत उतरण्यापूर्वीं पिलाच्या अंगीं बळ यावें लागतें. तात्पर्य, एकच आठवडा मोजून सर्व वर्षाचा अंदाज बांधूं लागल्यास हिशोब फसावयाचा. मोजणाऱ्याला या क्रमाचें ज्ञान असलें पाहिजे.

या ठरलेल्या वाटेचा फायदा मोठ्या प्रमाणावर प्रथम घेतला तो मात्र शिकाऱ्यांनीं. ब्रिस्बेन शहरासमोरील मोर्टन बेटावर टँगलूमा येथें १९५२ सालीं, आणि त्याच्या दक्षिणेस बायरन बे येथें १९५४ सालीं देवमाशांच्या शिकारीचे कारखाने निघाले. बोटींतून जाऊन तोफेनें हारपून मारावयाचा, मेलेला देवमासा किनाऱ्यावर ओढून आणावयाचा आणि त्याची चरबी वितळवून तेल काढावयाचें, असा हा धंदा होता. टँगलूमा येथें सुमारें १० वर्षांत ६,२७७ हंपबॅक मारले गेले. बायरन बे येथें १,१४६. १९६२ सालीं हे दोन्ही कारखाने बंद पडले. शिकाऱ्यांच्या मनांत दया उपजली असें नव्हे. मारावयास देवमासेच पुरेसे मिळेनात.

त्या काळीं देवमाशांच्या वाटा शोधण्याची रीतहि शिकारीशींच बांधलेली होती. क्रमांक कोरलेली पोलादाची एक नळी बंदुकीनें देवमाशाच्या पाठींत मारीत. पुढें कधीं काळीं तो मारला जाऊन त्याची चरबी कापली गेली म्हणजे ती नळी सांपडे, आणि अमुक ठिकाणीं खूण केलेला देवमासा तमुक ठिकाणीं मेला असें समजे. त्याचा प्रवास कळावयाचा तो त्याच्या मृत्यूनंतर. डॉबिन यानें जो क्रम शोधला त्यालाहि बराचसा आधार शिकारींत मारलेल्या देवमाशांच्या नोंदींचाच होता.

परंतु १९६२ च्या सुमारास जी ओहोटी लागली, तिचा मेळ कागदावरच्या आंकड्यांशीं बसेना. किनाऱ्यावरच्या कारखान्यांनीं मारलेले देवमासे, आणि दक्षिण महासागरांत फिरणाऱ्या जहाजांनीं मारल्याचें कळविलेले देवमासे, यांची बेरीज करून पाहिली. तरीसुद्धां एवढा मोठा समुदाय इतक्या थोड्या वर्षांत नाहींसा व्हावा असें दिसत नव्हतें. १९६३ सालीं दक्षिण गोलार्धांत हंपबॅकच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय बंदी आली. तोंपर्यंत पूर्व ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यानें जाणाऱ्या देवमाशांची संख्या हजारांत सोडाच, थोड्याशा शेंकड्यांत सांगावी इतकी खालीं आली होती. गेलेले देवमासे कोठें गेले, हें कोडें मात्र पुढें तीस वर्षें सुटलें नाहीं.

तें सुटलें १९९४ च्या सुमारास. अलेक्सी याब्लोकोव्ह या रशियन शास्त्रज्ञानें जगापुढें कबूल केलें कीं, सोव्हिएत संघाच्या शिकारी जहाजांनीं आंतरराष्ट्रीय आयोगाकडे पाठविलेले आंकडे खोटे होते. दक्षिण गोलार्धांत एकंदर २,७१० हंपबॅक मारल्याचें त्यांनीं कळविलें होतें. प्रत्यक्षांत ४८ हजारांहून अधिक मारले होते. त्यांपैकीं सुमारें २५ हजार देवमासे १९५९-६० आणि १९६०-६१ या अवघ्या दोन हंगामांत, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि त्यांच्या पूर्वेकडील बेटांच्या दक्षिणेस मारले गेले होते. सुदैवाची गोष्ट एवढीच कीं, त्या जहाजांवरील कांहीं शास्त्रज्ञांनीं खऱ्या नोंदी जिवापाड जपून ठेविल्या होत्या. त्या नसत्या तर हें कोडें कदाचित् कायमचेंच राहिलें असतें.

येथें गणतीचें खरें महत्त्व ध्यानांत येतें. शिकारीला मर्यादा घालण्यासाठीं आयोग होता, नियम होते, तज्ज्ञ होते. पण ज्या वहीच्या आधारें त्यांनीं निर्णय घ्यावयाचे, ती वहीच खोटी होती. दुकानदाराच्या रोजकीर्दींत लबाडी असेल तर उत्तमांतला उत्तम मुनीमहि त्या दुकानाचें दिवाळें थांबवूं शकत नाहीं. म्हणून शिकार थांबल्यावर पहिली गरज निर्माण झाली ती एका खऱ्या वहीची. आणि ही वही मारलेल्यांची नसून जिवंत देवमाशांची असावयास हवी होती.

अशी वही उघडली गेली ती ब्रिस्बेनजवळच्या नॉर्थ स्ट्रॅडब्रोक बेटावर. तेथील मूळच्या क्वांडामूका लोकांत या बेटाचें नांव मिंजेरिबा असें आहे. त्याच्या टोंकास पॉइंट लुकआउट नांवाचें उंच भूशिर समुद्रांत घुसलेलें आहे. उत्तरेकडे निघालेले देवमासे हें टोंक वळसा घालून ओलांडतात, आणि त्यांतील बहुसंख्य किनाऱ्यापासून १० किलोमीटरांच्या आंतून जातात. १९७८ सालीं रॉबर्ट पॅटर्सन आणि पॅट्रिशिया पॅटर्सन या दोघांनीं या टोंकावर बसून जाणारे देवमासे मोजण्यास प्रारंभ केला. पुढें क्वीन्सलंड विद्यापीठांतील मायकेल नोड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तें काम चालू ठेविलें.

काम वरकरणी सोपें दिसतें. सकाळीं ७ वाजतां टोंकावर जावयाचें, सायंकाळीं ५ पर्यंत पाळीपाळीनें समुद्रावर नजर ठेवावयाची, आणि फवारा दिसला कीं वेळ, दिशा, कळपांतील संख्या व पिलूं असल्यास तें, अशी नोंद करावयाची. परंतु या सोप्या कामांत तीन मोठ्या अडचणी आहेत, आणि त्या कशा सोडविल्या हें जाणून घेण्यासारखें आहे.

पहिली अडचण अशी कीं, एकच कळप दोनदां मोजला जाण्याचा संभव असतो. आतां येथें दिसलेला आणि दहा मिनिटांनीं तेथें दिसलेला कळप एकच कीं निराळा, हें केवळ डोळ्यांनीं सांगतां येत नाहीं. म्हणून रस्ते आणि कालवे आंखतांना मोजणीदार जें थिओडोलाइट यंत्र वापरतात, तेंच येथें कामास येतें. भूशिराची समुद्रापासूनची उंची ठाऊक असते. यंत्राची दुर्बीण फवाऱ्यावर रोखली कीं ती क्षितिजाच्या खालीं किती अंश झुकली हें कळतें. शाळेंत शिकविल्या जाणाऱ्या त्रिकोणमितीनेंच त्यावरून देवमाशाचें अंतर आणि नकाशावरील जागा निश्चित करितां येते. देवमाशाची चाल माहीत असल्यामुळें दुसऱ्या ठिकाणीं दिसलेला कळप तोच असूं शकेल कीं नाहीं, हें मग हिशोबानें ठरतें.

दुसरी अडचण न दिसलेल्यांची. मोजणारा कितीहि दक्ष असला तरी कांहीं देवमासे त्याच्या नजरेंतून निसटणारच. जे दिसलेच नाहींत ते मोजावे कसे? त्यासाठीं दोन तुकड्या एकमेकींस न विचारतां, वेगवेगळ्या जागीं बसून एकाच वेळीं मोजतात. समजा, पहिल्या तुकडीला ९० कळप दिसले आणि दुसरीला ८०; त्यांपैकीं दोघींनाहि दिसलेले ७२ आहेत. म्हणजे दुसरीनें पाहिलेल्या ८० पैकीं पहिलीनें ७२ टिपले, शेंकडा ९०. पहिलीची नजर जर शेंकडा ९० टिपते, आणि तिला ९० कळप दिसले, तर प्रत्यक्षांत जवळपास १०० कळप गेले असले पाहिजेत. न दिसलेल्या देवमाशांची संख्या अशा रीतीनें दिसलेल्यांवरूनच काढतां येते.

तिसरी अडचण रात्रीची आणि वाऱ्याची. देवमासे रात्रींहि चालत असतात. म्हणून दिवसाच्या तासांवरून चोवीस तासांचा हिशोब बसवावा लागतो. वारा सुटून लाटांवर फेस दिसूं लागला कीं फवारा ओळखूं येत नाहीं; अशा वेळीं मोजणी थांबवून तशी नोंद करावी लागते. मोजणाऱ्याच्या वहींत म्हणून दोन निरनिराळ्या प्रकारचे कोरे दिवस असतात. एक, ज्या दिवशीं डोळ्यांत तेल घालून पाहिलें परंतु देवमासा दिसला नाहीं; आणि दुसरा, ज्या दिवशीं पाहतांच आलें नाहीं. पहिल्या दिवसापुढें शून्य लिहावयाचें; दुसऱ्यापुढें शून्य लिहिलें तर तें असत्य होय.

या चिकाटीचें फळ काय मिळालें? पूर्व ऑस्ट्रेलियाच्या देवमाशांची संख्या २००४ सालीं सुमारें ७,०९० असल्याचा अंदाज निघाला. २०१० सालीं ती सुमारें १४,५२२, आणि २०१५ सालीं सुमारें २४,५४५. वाढीचा दर वर्षास जवळजवळ ११ टक्के राहिला. चक्रवाढ व्याजाचीं उदाहरणें सोडविलेल्या कोणालाहि सांगतां येईल कीं, या दरानें मुद्दल दर पावणेसात वर्षांनीं दुप्पट होतें. याच दरानें मागें मोजीत गेल्यास, १९७८ सालीं ही वही उघडली तेव्हां सबंध समुदाय पांचशेंच्या आसपास असला पाहिजे असें निघतें. मादी एका वेळेस एकच पिलूं देते आणि दोन वेतांच्या मध्यें बहुधा दोन-तीन वर्षांचें अंतर असतें. हें लक्षांत घेतां ११ टक्के हा दर हंपबॅकला शक्य असलेल्या कमाल मर्यादेच्या अगदीं जवळ आहे. याहून फार मोठा आंकडा कोणी पुढें केला असता तर मोजणाऱ्यांनीं प्रथम आपल्याच मोजणीविषयीं शंका घेतली असती. २०१५ चा आंकडा देतांना त्यांनीं हेंहि सांगून ठेविलें आहे कीं, खरी संख्या साधारण २१,६०० ते २७,९०० या मर्यादांत कोठें तरी असावी. आपल्याला किती ठाऊक आहे याबरोबरच किती अनिश्चित आहे हें सांगणें, हाहि खऱ्या हिशोबाचाच भाग आहे. याच हिशोबाच्या आधारें फेब्रुवारी २०२२ मध्यें ऑस्ट्रेलियानें संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींतून हंपबॅकचें नांव काढलें.

हें काम केवळ विद्यापीठांतील पंडितांनीं केलें असें मात्र नाहीं. सिडनीच्या दक्षिणेस, बॉटनी बेच्या तोंडाजवळ केप सोलँडर नांवाचें खडकाळ टोंक आहे. १९९७ सालापासून तेथें हिवाळ्याच्या कडाक्यांत स्वयंसेवकांनीं बसून देवमासे मोजले. हीं माणसें दुर्बीण, वही आणि गरम चहाची बाटली घेऊन समुद्राकडे तोंड करून बसत. त्यांना कोणतेंहि बक्षीस मिळावयाचें नव्हतें. एका दिवसाच्या नोंदीला फारशी किंमतहि नसते. पण त्याच जागीं, त्याच ऋतूंत, त्याच पद्धतीनें वीस वर्षें केलेल्या नोंदींना मोल येतें.

पुढें या गणतीला आणखी एक साधन मिळालें. हंपबॅक खोल बुडी मारतांना शेपटी पाण्याबाहेर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूस काळ्या-पांढऱ्या रंगांची नक्षी असते, तिच्या कडेला खांचा असतात, आणि ही ठेवण प्रत्येक देवमाशाची निराळी असते. १९७० नंतरच्या दशकांत शास्त्रज्ञांनीं या शेपट्यांचीं छायाचित्रें जमवून त्यांच्या याद्या करण्यास आरंभ केला. पूर्वीं पोलादी नळीनें जें काम होई, तें आतां देवमाशाला न दुखवितां होऊं लागलें. २०१५ नंतर हॅपीव्हेल नांवाच्या उपक्रमांत ही तुलना संगणकाच्या साह्यानें होऊं लागली, आणि प्रवासी, नावाडी, कोळी, हौशी छायाचित्रकार अशा हजारों लोकांचीं चित्रें एकाच ठिकाणीं जमा झालीं.

या संग्रहानें २०२४ सालीं एक अप्रिय वार्ता दिली. उत्तर पॅसिफिक महासागरांतील हंपबॅक शिकारबंदीनंतर वाढत वाढत २०१२ सालीं सुमारें ३३,५०० वर पोहोंचले होते. परंतु २०२१ सालीं ते सुमारें २६,७०० उरले. नऊ वर्षांत जवळजवळ ७,००० देवमासे कमी झाले. या मुदतींत, २०१४ ते २०१६ पर्यंत, त्या महासागराचें पाणी असाधारण तापलें होतें आणि त्यामुळें देवमाशांच्या अन्नाची वाताहत झाली, असें या अभ्यासाचें म्हणणें आहे. तात्पर्य हें कीं, प्राणी वांचला असें जाहीर करून वही मिटून टाकतां येत नाहीं. रोगी बरा होऊन घरीं गेल्यावरहि वैद्य नाडी पाहतो, तसेंच हें आहे.

येथवरची हकीकत दूरदेशींची झाली. परंतु मुंबई, रत्नागिरी, मालवण किंवा पणजी येथील घरांच्या खिडक्यांतून जो समुद्र दिसतो, त्या अरबी समुद्रांतहि हंपबॅक आहेत, आणि त्यांची कथा अधिक चिंताजनक आहे. जगांतील इतर हंपबॅक थंड समुद्र आणि उष्ण समुद्र यांच्या दरम्यान ये-जा करितात. अरबी समुद्रांतील हंपबॅक मात्र अंटार्क्टिककडे जातच नाहींत. नैर्ऋत्येकडील मोसमी वारे ओमानच्या किनाऱ्यालगत तळाचें थंड, सत्त्वयुक्त पाणी वर आणतात; तेथें माशांची व क्रिलसारख्या जीवांची रेलचेल होते, आणि देवमाशांना अन्नासाठीं दूर जाण्याचें कारण उरत नाहीं. आनुवंशिक तपासणीवरून असें दिसतें कीं, हा समुदाय सुमारें ७०,००० वर्षांपासून इतरांपासून अलग पडलेला आहे. शेपट्यांच्या छायाचित्रांवरून ओमानच्या किनाऱ्यालगत त्यांची संख्या ८२ च्या आसपास असल्याचा अंदाज २०११ सालीं प्रसिद्ध झाला. आणि त्या खोट्या वहीचा या समुद्राशींहि संबंध आहे. त्याच सोव्हिएत जहाजांनीं दक्षिण महासागराकडे जातायेतां १९६५ व १९६६ सालीं अरबी समुद्रांत २४२ हंपबॅक मारले होते, हें कित्येक वर्षांनीं बाहेर आलें. उरलेल्या थोड्यांवर आज मासेमारीचीं जाळीं आणि मोठमोठीं जहाजें यांचें संकट आहे.

२०१७ सालीं ओमानच्या मसिरा आखातांत एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारें लहान यंत्र बसविण्यांत आलें. तिचें नांव लुबान. आपल्याकडे धुपांत जाळावयाच्या डिंकाला जो लोबान शब्द आहे, तोच हा. त्या वर्षाच्या अखेरीस ही लुबान सबंध अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्याजवळ आली, तेथून दक्षिणेस भारताच्या टोंकापर्यंत गेली आणि पुन्हां ओमानकडे परतली. गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखालीं ठेविलेल्या ध्वनिग्राहक यंत्रांतहि हंपबॅकचें गायन नोंदलें गेलें आहे. हें गायन नर करितात. म्हणजे हे प्राणी आपल्या दाराशीं येतात, गातात आणि जातात. परंतु आपल्या किनाऱ्यावर पॉइंट लुकआउटसारखी वर्षानुवर्षें चाललेली वही नाहीं.

अरबी समुद्राच्या पूर्व कांठावरील हंपबॅकच्या नोंदी थोड्या आहेत, याचे दोन अर्थ होऊं शकतात. देवमासे खरोखरच क्वचित् येतात, हा एक. आणि ते येतात पण पाहणारे डोळे किंवा लिहिणारे हात तेथें नसतात, हा दुसरा. जोंपर्यंत ‘पाहिलें पण दिसला नाहीं’ आणि ‘पाहिलेंच नाहीं’ या दोन कोऱ्या दिवसांतील भेद आपल्या वहींत नाहीं, तोंपर्यंत यांतील कोणता अर्थ खरा हें सांगतां यावयाचें नाहीं. आणि तें सांगतां आलें नाहीं तर जहाजांची वाट कोठून असावी, कोणत्या महिन्यांत कोठें जाळीं टाकूं नयेत, हें ठरविण्यास आधार तरी कसला घ्यावयाचा?

या कामीं किनाऱ्यावरील घराघराला हातभार लावितां येण्यासारखा आहे. होडींतून जातांना किंवा गडाच्या बुरुजावरून समुद्राकडे पाहतांना मोठा फवारा किंवा कमानदार पाठ दिसली, तर दिवस, वेळ, ठिकाण, जाण्याची दिशा आणि संख्या एवढें टिपून ठेवावें. जमल्यास पाठीचें आणि शेपटीच्या खालच्या बाजूचें छायाचित्र घ्यावें, मात्र त्यासाठीं होडी देवमाशाच्या अंगावर नेऊं नये. ही नोंद वनखात्याकडे अथवा सागरी प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेकडे पोहोंचती करावी. देवमाशांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे. जाळ्यांत अडकलेला संरक्षित प्राणी जाळें कापून सोडून देणाऱ्या कोळी बांधवांस नुकसानभरपाई देण्याची योजना महाराष्ट्र सरकारनें डिसेंबर २०१८ मध्यें सुरू केली. तिच्यांतहि छायाचित्राची नोंद पुराव्यादाखल धरली जाते. शाळांतून मुलांना समुद्रकिनारीं सहलीस नेतात तेव्हां तासभर एका जागीं बसवून समुद्राची अशी नोंद करावयास लाविलें, तर त्यांना भूगोल, गणित आणि सचोटी हे तिन्ही धडे एकदमच मिळतील. मुलाच्या वहींत देवमासा न येतां शून्य आलें तरी त्याला तेंच लिहूं द्यावें, आणि त्याच जागीं, त्याच महिन्यांत, पुढच्या वर्षीं पुन्हां न्यावें.